फसवलं ते कुंदननं

शकुनबाई निमजे माझी शेजारीण. मोहाडीत आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत, तीही मातीची. त्यामुळे तिच्या घरातलं मला आणि माझ्या घरातलं तिला सगळं ऐकू येतं. ती ख्रिस्ती आहे, मी नाही. मी ब्लाउज शिवते, मंगळवारी उपास धरते, आणि तिच्या देवाबद्दल मला फार कळतं असा माझा दावा नाही. पण तिच्यावर जे गुदरलं ते मी डोळ्यांनी पाहिलं. आता जो तो ती गोष्ट आपापल्या सोयीनं सांगत फिरतो, आणि ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. म्हणून झालं तसं सांगते.

शकुनबाई आंधळगावची सून. नवरा सुखराम हातमागावर कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड विणणारा. माणूस इतका कमी बोलणारा, की त्याच्या मागाचा आवाज थांबला तरच तो घरात आहे हे लोकांच्या लक्षात यायचं. बोलण्याचं सगळं काम शकुनबाईकडे. चार माग चालू असताना त्यांच्या वरताण तिचा आवाज गल्लीच्या टोकाला पोचायचा. सुखरामचा मोठा भाऊ नंदलाल कापडाचा व्यापारी. तो गल्लीतल्या निम्म्या विणकरांना सूत द्यायचा आणि विणलेलं कापड उचलायचा. त्यामुळे घरातही त्याचा शब्द, समाजातही त्याचाच.

गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्याच्या पुढच्या वर्षी शकुनबाईच्या एकुलत्या एका पोरीला, रीनाला, पहिला झटका आला. पोर आठ वर्षांची. अंगणात खेळता खेळता पडली, डोळे पांढरे, तोंडाला फेस. मग महिन्या-पंधरवड्यानं तेच. नंदलालचं म्हणणं, कुलदेवी नाराज आहे. एका मांत्रिकाला बोलावलं. त्यानं गंडे बांधले, लिंबं कापली. तेवढ्यानं झालं नाही तेव्हा लाल मिरच्यांची धुरी पेटवून पोरीचं नाक त्या धुरावर धरलं. पोर गुदमरते आहे, आणि घरातली मोठी मंडळी हात जोडून उभी! शकुनबाईनं ते धुपाटणं लाथेनं उडवलं. रीनाला काखोटीला मारलं आणि होती त्या लुगड्यानिशी भंडाऱ्याची बस पकडली.

तिथल्या दवाखान्यात सत्यभामा नावाची एक म्हातारी होत आलेली आया होती. ती ख्रिस्ती. डॉक्टरांनी मिरगी सांगितली, गोळ्या लिहून दिल्या. सत्यभामामावशीनं त्या गोळ्या शकुनबाईच्या पदरात बांधल्या आणि दम भरला, "रोज द्यायच्या. एक दिवस खंड नाही. डॉक्टर कमी करा मनन तवाच कमी, आपल्या मनानं नाही. समजलं का?" मग रीनाच्या डोक्यावर हात ठेवून तिनं हळू आवाजात प्रार्थना केली. शकुनबाईकडे ना काही मागितलं, ना तिला काही विचारलं.

झटके थांबले. दर महिन्याला गोळ्या आणायला भंडाऱ्याला जाणं सुरू झालं, आणि येताना सत्यभामामावशीच्या खोलीवर बसणंही. पुढं कधीतरी शकुनबाईनं बाप्तिस्मा घेतला. मी तिला एकदा विचारलं होतं, काहून गेली बाई तू त्या देवाकडे, गोळ्यांचा गुण आला म्हणून का?

"गोळ्या तं डॉक्टरनं देल्ल्या," ती म्हणाली. "त्याचं श्रेय मी डॉक्टरलेच देतो. पन मावशीनं मले येशूचं सांगतलं, सीताबाई. त्याच्याच लोकायनं त्याले धरून देल्लं. संगतचे पळून गेले. अन् खांबावर टांगला असताना तो आपल्या बापाले ओरडून विचारते, मले काहून टाकलं म्हनून. मी मनलं, हा तं आपल्यासारखाच बोलते. याच्यासंगं जमन आपलं."

सुखराम तिच्याबरोबर गेला नाही. त्यानं तिला अडवलंही नाही. घराच्या कोनाड्यात त्याची देवी राहिली, खाटेच्या उशाशी हिचं शास्त्र, म्हणजे बायबल. दोघांचं कधी भांडण झालेलं मला ठाऊक नाही.

भांडण केलं ते जगानं. नंदलालच्या मुलीचं, कीर्तीचं, लग्न होतं. रीनानं आदल्या दिवशी हातभर मेंदी काढून घेतली होती, नवा फ्रॉक घातला होता. मायलेकी मांडवाच्या दारात पोचल्या तर नंदलाल आडवा.

"शकुन, तू परत जा. पोरीलेबी ने. सोयरे विचारतील तं मी काय सांगू?"

"दादाजी, पोरीनं काय केलं? तिच्या बहिनीचं लगन हाये."

"तू बाटली, तिच्या अंगात रोग. दोन्हीचं तोंड आजच्या दिवशी नको."

अकरा वर्षांच्या पोरीच्या तोंडावर म्हटलं हे! मांडवात दीडशे माणसं असतील. जिलब्यांची ताटं फिरत होती, एकाचाही घास अडकला नाही. पुढं नंदलालनं सुखरामला सूत देणं बंद केलं. समाजाच्या सभेत ठरलं म्हणे, यांच्याकडे कुणी हळदीकुंकवाला जायचं नाही, यांना बोलवायचं नाही. सुखरामनं माग उचकटला, बैलगाडीत घातला आणि मोहाडीला आला. आमच्या भिंतीपलीकडची खोली त्यांनी भाड्यानं घेतली, ती अशी.

मोहाडीत त्यांनी पुन्हा बस्तान बसवलं. सुखराम इथल्या एका शेठच्या सुतावर विणायचा. शकुनबाई परसात चुलीवर मोठ्या गंजात सोडा घालून कोसे, म्हणजे रेशमाचे कोष, उकळायची आणि त्यांचा धागा काढायची. त्या उकळत्या कोशांचा वास इतका उग्र असतो की नवीन माणसाला मळमळतं. रीना शाळेतून आली की आईला हात द्यायची. रोजची गोळी चालू होती. कित्येक वर्षांत तिला एकही झटका आला नव्हता.

तेव्हा कुंदन आला. तुमसरकडचा तरुण माणूस, पांढरा शर्ट, गळा गोड. त्यानं बाजाराजवळ एक हॉल भाड्यानं घेतला आणि दर रविवारी प्रार्थना सुरू केली. मी खोटं सांगणार नाही, सुरुवातीला माणूस मलाही बरा वाटला. सुखराम तापानं फणफणला तेव्हा यानंच त्याला मोटारसायकलवर बसवून दवाखान्यात नेलं होतं. शकुनबाईला तर आभाळ ठेंगणं झालं. माहेर तुटलेलं, सासर तुटलेलं, आणि इथं पन्नास माणसं तिला ताई म्हणत होती. ती हॉल झाडायची, सतरंज्या घालायची, गाणी सांगायची. रविवारी तिच्या अंगावर धुतलेलं लुगडं आणि तोंडावर असा काही आनंद, की मीसुद्धा खिडकीतून बघत राहायची.

दोन-तीन वर्षांनी कुंदननं बाजाराच्या मैदानावर मोठी सभा घ्यायची ठरवली. मंडप, भोंगे, बॅनर. आता सभेला चमत्कार लागतो. त्याची नजर रीनावर पडली. पोर सोळा वर्षांची, दिसायला नीटस, बोलायला चांगली.

तो घरी आला. मी तेव्हा तिथंच बसले होते, शकुनबाईला शिवलेला ब्लाउज घालून बघायला द्यायला आले होते.

"रीना," तो म्हणाला, "तू बरी झालीस की नाही?"

"झाली ना."

"मग गोळी का खातेस? बरी झालेली माणसं औषध खातात का? तुझा भरवसा गोळीवर आहे की येशूवर?"

पोरीनं आईकडे पाहिलं. शकुनबाई म्हणाली, "पन भाऊ, डॉक्टरनं मनलं होतं..."

"ताई, डॉक्टर मोठा की प्रभू?"

या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं? ज्याच्या मनात श्रद्धा आहे त्याला असा प्रश्न विचारणं म्हणजे त्याचा गळा धरणं. मी न राहवून म्हटलं, "कुंदनभाऊ, देव मोठा असन, पन गोळीनं त्याचं काय बिघडते?" तो माझ्याकडे बघून गोड हसला. "सीताबाई, हे विश्वासाचं आहे. तुम्हाला नाही कळणार."

सभेत रीनाला मंचावर उभं केलं. तिनं गोळ्यांची पाकिटं सगळ्यांसमोर फेकून दिली. हजार माणसांनी टाळ्या पिटल्या, हालेलुया झालं. शकुनबाई खाली बसून रडत होती. पुढं तिनं मला सांगितलं, "मावशीले फोन लावाचं लई मनात होतं. पन ती नाही मनन याचंच भेव वाटलं. सारे मले चांगलं मनत होते ना, सीताबाई. पयल्यांदा."

कुंदननं मग रीनाला सिहोरा, तुमसर, कुठं कुठं फिरवलं. दर ठिकाणी पोर उभी राहायची आणि सांगायची, मी गोळी सोडली, मला येशूनं बरं केलं. दीडेक महिना काही झालं नाही.

एका दुपारी मी मशीनवर बसले होते. भिंतीपलीकडून भांडं आदळल्याचा आवाज आला आणि मागोमाग शकुनबाईची किंकाळी. धावले. परसात रीना चुलीजवळ आडवी पडून थडथडत होती. झटका आला तेव्हा ती कोसे ढवळत होती. उजवा हात कोपरापर्यंत उकळत्या गंजात गेला होता, आणि गंज तिच्याच अंगावर उलटला होता. मान, खांदा, हात. सुखराम मागावरून तसाच आला आणि बादलीनं पाणी ओतत राहिला. आमच्या समोरच्या कवडूनं ऑटो काढली. भंडाऱ्यापर्यंत शकुनबाईनं एक शब्द काढला नाही. तिचं गप्प बसणं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

पोर वाचली. हाताची बोटं मात्र आखडली.

दवाखान्यात सर्वात आधी आला नंदलाल. इतक्या वर्षांत भावाच्या घराची पायरी चढला नव्हता, पण हे ऐकवायला बरोबर आला. खाटेच्या पायथ्याशी उभा राहून म्हणाला, "कुलदेवी सोडली ना, भोगा आता."

दुसऱ्या दिवशी कुंदन आला. मला वाटलं, हा आता पाय धरेल, रडेल. त्यानं आधी खाटेजवळ प्रार्थना केली. मग शकुनबाईला बाजूला घेतलं. आवाज खाली केला होता, तरी मला सगळं ऐकू आलं.

"ताई, वाईट झालं. पण प्रभूचं चुकत नाही, आपलं चुकतं. कुठंतरी विश्वास कमी पडला. तुमच्या घरात अजून देवीचा कोनाडा आहे. सुखरामभाऊंनी बाप्तिस्मा घेतला नाही. एका घरात दोन मालक चालत नाहीत."

बोलला तो सुखराम. भिंतीला टेकून उकिडवा बसला होता, तिथूनच.

"काल माझा भाऊ आला. तो मनला, देवी सोडली म्हनून झालं. आज तुमी मनता, देवी ठेवली म्हनून झालं. पोरगी एक, हात एक. गोळी बंद केली म्हनून झालं, हे कोनीच काहून नाही मनत?"

कुंदन गडबडला. पण असली माणसं फार वेळ गडबडत नाहीत. तो म्हणाला, "भाऊ, तुम्ही रागात आहात, मी समजू शकतो. अन् ताई, एक विनंती. काही दिवस हॉलमध्ये येऊ नका. नवीन लोक आहेत, रीनाला असं पाहून त्यांचा विश्वास डळमळेल."

पोरीचा हात शिजवून काढला, आणि वर तिलाच लपवून ठेवा! मी आयुष्यात पुष्कळ निलाजरी माणसं पाहिली, पण प्रार्थनेच्या आवाजात निलाजरेपणा करणारा हाच पहिला. आणि ती पन्नास माणसं, ताई ताई करणारी? एकजण फिरकलं नाही. कुंदननं सांगितलं होतं, त्या घरावर काही आहे.

दवाखान्याच्या मागं कपडे वाळत घालायची मोकळी जागा आहे. तिथं शकुनबाईचा बांध फुटला. भर दुपारी, लोक बघताहेत याची पर्वा न करता ती आभाळाकडे तोंड करून ओरडत होती.

"मी तुले काय कमी केलं? घर सोडलं, सोयरे सोडले, लोकायच्या शिव्या खाल्ल्या. तुह्या हॉलचा केर काढला. माझं चुकलं तं माझा हात घ्यायचा होता ना! पोरीचा काहून? मले हाकलणारे का कमी होते, का तूबी दार लावून घेतलं? बोल ना! आता काहून गप्प हायेस?"

तेवढ्यात सत्यभामामावशी आली. नोकरीतून केव्हाच सुटलेली, काठी टेकत टेकत. कुणीतरी तिला कळवलं होतं. मला वाटलं, ही आता समजूत घालेल. तिनं आल्या आल्या काठी आपटली.

"गोळी बंद कराले कोनं सांगतलं होतं? मी काय बोलली होती तुले? पदरात बांधून देल्ली होती ना मी?"

"मावशी, कुंदनभाऊ मनला..."

"कुंदन डॉक्टर हाये का? का देव हाये?" म्हातारीनं पुन्हा काठी आपटली. "त्याच्या नावानं असे धंदे करतात मेले! मी चाळीस वर्षं वार्डात काढली. मरनाऱ्याजवळ बसली, जगनाऱ्याजवळ बसली. येशूनं मले कधी मनलं नाही, का औषध फेक म्हनून." मग तिनं शकुनबाईचं मनगट धरलं आणि म्हणाली, "चाल. पोरगी उपाशी हाये. पेज आनली मी." एवढंच. त्या दिवशी तिनं रीनाला भरवलं आणि मग पोरीच्या खाटेजवळ बसून स्वतःच रडली.

मावशी गेल्यावर सुखरामनं बायकोला विचारलं, "सोडून देशीन का आता तो देव?" त्यानं टोमणा मारला नव्हता, खरंच विचारलं होतं.

शकुनबाईनं रीनाच्या पायांवरची चादर सारखी केली. मग म्हणाली, "अजी, मघा मी एवढी भांडली. जो नाहीच त्याच्याशी कोनी भांडते का? मले राग आला हाये त्याचा. पन तो नाही, असं नाही वाटलं मले."

रीना घरी आली. गोळ्या पुन्हा चालू झाल्या. शकुनबाई पोलीस ठाण्यात गेली. तिथला हवालदार म्हणाला, "गोळी तुमच्याच पोरीनं फेकली ना, सगळ्यांसमोर? हे तुमच्या लोकायचं आपसातलं हाये, बाई." आणि त्यानं दुसऱ्याला हाक मारली.

मग एक दिवस कवडू सिहोऱ्याहून सवारी सोडून आला आणि म्हणाला, तिथं कुंदनच्या सभेचं बॅनर लागलं आहे, आणि बॅनरवर रीनाचा फोटो आहे. दोन्ही हात वर केलेला. जुना.

शकुनबाईनं चूल विझवली. "रीना, चाल."

मीही निघाले. एवढ्या रागात ही बाई एकटी काय करेल याची मला काळजी होती, आणि खरं सांगायचं तर मलाही त्या माणसाचं तोंड बघायचं होतं. एसटीत रीना ओढणीखाली हात लपवून बसली होती. उतरताना तिनं ती ओढणी स्वतःच काढून आईजवळ दिली.

मंडप भरला होता. कुंदननं उषाबाई नावाच्या एका बाईला पुढं बोलावलं होतं. तिला साखरेचा आजार. तिच्या हातात औषधाची पिशवी. तोच गोड आवाज, तोच प्रश्न. "बहीण, तुझा भरवसा कशावर? या पिशवीवर?"

"फेकू नको ते!"

भोंग्याची काय बिशाद! चार मागांवर चढणारा आवाज तो. सगळ्यांनी माना वळवल्या. शकुनबाई सतरंजीवरच्या माणसांतून वाट काढत पुढं गेली.

"मी रीनाची माय हाये. बाहेर फोटो लावला ना, तिची. माझ्या पोरीनं याच्या सांगन्यावरून गोळी फेकली, अन् झटका येऊन उकळत्या पान्यात पडली. हे पाहा." रीनानं तो आखडलेला हात वर केला. चुन्यासारखे पांढरे, तांबडे चट्टे मानेपर्यंत. "याले मी विचारलं तं मने, तुहा विश्वास कमी पडला. बाई, विश्वास ठेव. पूरा ठेव. पन गोळी खा!"

कुंदनचा चेहरा उतरला, मग त्यानं माइक तोंडाशी धरला. "प्रियजनहो, सैतान अशा वेळीच काम करतो. प्रार्थना करू या." आणि ढोलक सुरू झालं. चार पोरांनी आम्हाला दंडाला धरून मंडपाबाहेर काढलं. लोक? लोक डोळे मिटून गात होते. समोर भाजलेली पोर उभी, आणि यांनी डोळे मिटले! एका बाईनं शकुनबाईच्या अंगावर थुंकून 'खोटारडी' म्हटलं. ती थुंकी मी माझ्या पदरानं पुसली.

स्टँडवर आम्ही बसची वाट पाहत बसलो. तेवढ्यात उषाबाई धापा टाकत आली. औषधाची पिशवी तिच्या काखेत होती. ती आमच्याजवळ बसली आणि रीनाला म्हणाली, "दुखते का व, पोरी?" हजार माणसांतून ती एकटी आली. माझ्या मते फार कमी. शकुनबाई मात्र म्हणाली, "एक तं आली."

ही बातमी आंधळगावला पोचली. आठवडा गेला नसेल, नंदलाल मोहाडीत हजर. समाजातली दोन मोठी माणसं सोबत, आणि हातात केळ्यांची फणी. भावजयीच्या दारात पहिल्यांदाच.

"शकुन, झालं गेलं सोड. तू आपली हायेस. येत्या सभेत उभी राहा आन् सांग, का मले लालूच दाखवून बाटवलं, फसवलं. बस, एवढंच. समाज तुमाले परत घेईन. सुखरामले सूत चालू. रीनाचं लगन मी लावून देतो, मांडव माझ्या दारात."

मी भिंतीपलीकडे मशीन थांबवून ऐकत होते. लाज नाही वाटत सांगायला. मला वाटलं, हो म्हण बाई. एक वाक्य तर बोलायचं आहे. ज्या हॉलवाल्यांनी तुला असं वागवलं त्यांच्यासाठी कायले ओझं वाहतेस? भाजलेल्या हाताच्या पोरीचं लग्न तू कुठून जमवशील?

शकुनबाई म्हणाली, "लालूच कोनं देल्ली, दादाजी? सत्यभामामावशीनं? तिनं तं पेज देल्ली अन् बोलनी देल्ली."

"अव, बोलायलेच तं लागते."

"नाही. फसवलं ते कुंदननं. त्याचं नाव मी भर बजारात घेतलं, आताबी घेईन. येशूनं नाही फसवलं. त्याच्यावर खोटं घेऊन मी तुमच्या मांडवात नाही येत."

"एवढं होऊनबी?"

तेव्हा तिचा आवाज चढला. "कीर्तीच्या लग्नात माझ्या पोरीले दारातून हाकललं तुमी. मेंदीचे हात घेऊन आली होती. तवा मी मनलं का, का देवी खराब हाये म्हनून? तुमी हाकललं, तं तुमी खराब. देवीचा काय दोष? मंग कुंदन खराब निघाला तं येशू खराब कसा होते? तुमी सारे आपली पापं देवाच्या डोक्यावर ठेवता अन् मोकळे होता!"

नंदलाल उठला. सुखराम पहिल्यापासून मागावर बसून होता. त्यानं धोटा खाली ठेवला आणि म्हणाला, "दादा, चहा घेऊन जा."

नंदलालनं चहा घेतला नाही. केळी मात्र विसरून गेला.

कुंदनचं काय झालं म्हणाल, तर काही झालं नाही. मोहाडीतला हॉल सोडला, दुसऱ्या जिल्ह्यात गेला. तिथं आणखी मोठा मंडप घालतो म्हणे. कुणी त्याला जाब विचारला नाही, ना कायद्यानं ना त्याच्या लोकांनी. मला याचा आजही संताप येतो. शकुनबाईलाही येतो. क्षमा करावी असं तिच्या शास्त्रात आहे, हे ती मला स्वतःच सांगते, आणि वर म्हणते, "होईन कधी तं होईन. आज नाही होत माझ्यानं. त्याले मालूम हाये."

आता रविवारी तिच्याच खोलीत प्रार्थना होते. चार-पाच बाया असतात. उषाबाई सिहोऱ्याहून बसनं येते. सत्यभामामावशी होती तोवर यायची, मागल्या पावसाळ्यात ती गेली. रीना डाव्या हातानं मागाच्या धाग्याच्या कांड्या भरायला शिकली, बारावी झाली. सुखरामनं कोनाड्यातली देवी काढली नाही. तो प्रार्थनेच्या वेळी माग बंद ठेवतो आणि दाराशी बसतो.

गेल्या महिन्यात रीनाला पाहायला तुमसरकडची मंडळी आली होती. ख्रिस्ती कुटुंब, पोरगा शाळेत शिपाई. पोह्यांच्या बशा रिकाम्या झाल्या, हाताचं सांगून झालं, त्यांनी ते मान्य केलं. मग रीना आपण होऊन म्हणाली, "मले मिरगी हाये. गोळी चालू हाये. गोळी असली का झटका येत नाही." पोराच्या आईनं बापाकडे पाहिलं. कळवतो म्हणाले. कळवलं नाही.

त्या रविवारी भिंतीपलीकडे शकुनबाईची प्रार्थना चालू होती. नेहमीसारखीच, मोठ्यानं. "तूच पाहा आता. पोरीनं खरं सांगतलं, तं उठून गेले. खोटं बोलली असती तं आज सुपारी फुटली असती. हा कोनता न्याय हाये तुहा? मले समजत नाही. मी पुन्हा विचारीन, पुढच्या रविवारीबी विचारीन. पोरीले सांभाळ. उषाबाईची साखर सांभाळ. अन् त्या पोराच्या मायले..." ती थांबली. मी कान देऊन होते. "तिलेबी सांभाळ, बाप्पा. पन आज मी मनापासून नाही मनून राहिली."

रीनाला हसू फुटलं. हळूहळू त्या चार बायाही हसू लागल्या. दाराशी बसलेला सुखराम 'आमेन' म्हणाला आणि चहाचं पाणी ठेवायला उठला.